ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’ पाचोऱ्यात बनवायची तर? कमी खर्चात आवडत्या गिटारची प्रतिकृती कशी तयार होते

पाचोऱ्यातला एखादा कॉलेजचा पोरगा रात्री मोबाईलवर ‘क्वीन’ बँडचा जुना कार्यक्रम बघतो. कुरळ्या केसांचा गिटारवादक, त्याच्या गळ्यात तपकिरी-लाल रंगाची, कुठल्याच दुकानात न दिसणारी गिटार. पोरगा तिची किंमत शोधतो आणि मोबाईल बाजूला ठेवतो. बापाच्या कापसाचं निम्मं बिल त्यात जाईल.

पण ती मूळ गिटारच मुळात पैसे नव्हते म्हणून घरी बनवलेली आहे. ती बनवणारा तेव्हा शाळेत शिकणारा मुलगा होता. लाकूड जुन्या घरातलं आणि स्प्रिंग भंगारातल्या मोटारसायकलचे. म्हणूनच कमी खर्चात प्रतिकृती करायला ‘रेड स्पेशल’इतकी योग्य गिटार दुसरी नाही. फक्त तिच्यात कुठे काटकसर केली होती आणि कुठे अजिबात केली नव्हती, हे आधी समजून घ्यावं लागतं.

आठ पौंडांची गिटार

ब्रायन मेचा जन्म १९४७ चा. लंडनच्या बाहेरच्या भागात राहणारं साधं नोकरदार कुटुंब. फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ घ्यायची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि हातानं काहीही करू शकणारे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बाप-लेकांनी घरीच गिटार बनवायला घेतली. काम सुमारे दोन वर्षं चाललं. खर्च आला अंदाजे आठ पौंड.

वापरलेलं सामान असं होतं. गिटारची मान, म्हणजे नेक, शेकोटीवरच्या जुन्या महोगनी फळीतून कोरली. त्या लाकडाला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड वापरला, वरून महोगनीचा पातळ व्हिनियर चिकटवला. फिंगरबोर्डवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणकामाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तारा सैल-ताठ करणारी ट्रेमोलोची यंत्रणा सुरीच्या पात्यासारख्या धारेवर डोलते आणि तिला ताण देतात १९२८ च्या पँथर मोटारसायकलचे व्हॉल्व्ह स्प्रिंग. ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक विणकामाच्या सुईचं.

हीच गिटार पुढे क्वीनच्या सगळ्या अल्बममध्ये वाजली. २००२ साली राणी एलिझाबेथच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहिला, तेव्हाही हातात तीच होती.

याच बँडचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथेच जमला.

काटकसरीतून निघालेली रेड स्पेशल एकटीच नाही. अमेरिकेतल्या एडी व्हॅन हेलननं त्याची प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटार ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक घेऊन जोडली होती. आत पिकअप बसवला तो दुसऱ्या गिटारमधून काढलेला. २००७ साली फेंडरनं त्याच गिटारच्या ३०० हुबेहूब प्रतिकृती काढल्या, प्रत्येकी २५,००० डॉलरला. ओरखडेसुद्धा जसेच्या तसे. मूळ वस्तू स्वस्त आणि नक्कल महाग, असा हा उलटा हिशेब.

आधी ठरवा: दिसणं हवं, आवाज हवा की वाजवणं?

प्रतिकृतीचे तीन भाग असतात. पहिला दिसणं: आकार, रंग, बटणांच्या जागा. दुसरा आवाज: पिकअप आणि त्यांची वायरिंग. तिसरा हाताला लागणारी गिटार: नेकची जाडी, तारांची उंची, स्केल. पैसे कमी असतील तर तिन्ही एकाच वेळी जमत नाहीत. अनुभवी कारागीर क्रम उलटा लावतात. आधी वाजण्यायोग्य, मग आवाज, शेवटी रंग. न वाजणारी सुंदर गिटार भिंतीवरच राहते.

बनवण्याचे मार्गही तीन आहेत.

पहिला, सगळं शून्यातून. यात नेक आणि फ्रेट स्वतः करायचे असतात. वेळ सगळ्यात जास्त आणि चूक झाली तर लाकूड वाया.

दुसरा, तयार नेक विकत घ्यायची आणि बॉडी गावात बनवायची. पहिल्यांदा हात घालणाऱ्यासाठी हा सर्वात शहाणा मार्ग.

तिसरा, जुनी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिचे नेक, ट्यूनर, ब्रिज आणि वायरिंग नव्या बॉडीत बसवायचं. खर्च सगळ्यात कमी इथेच येतो.

खरं गणित: स्केल आणि फ्रेट

गिटारमध्ये एकच गोष्ट अशी आहे जिथे ‘चालून जाईल’ चालत नाही. ती म्हणजे माप.

नटपासून, म्हणजे तारा जिथे मानेच्या टोकाशी टेकतात तिथपासून, ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. रेड स्पेशलचं स्केल २४ इंच म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे. स्ट्रॅटोकास्टरचं २५.५ इंच म्हणजे ६४७.७ मिलिमीटर.

एक सप्तक म्हणजे तारेची लांबी निम्मी. त्या सप्तकात १२ स्वर समान अंतरानं बसवायचे, म्हणून प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी १.०५९४६ नं भागली जाते. सोपी रीत अशी: उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागा, आलेला आकडा म्हणजे पुढच्या फ्रेटपर्यंतचं अंतर. नटपासून मोजलेली काही अंतरं मिलिमीटरमध्ये अशी येतात:

- १ला फ्रेट: २४ इंची स्केलवर ३४.२, २५.५ इंचीवर ३६.४
- २रा फ्रेट: ६६.५ आणि ७०.७
- ५वा फ्रेट: १५२.९ आणि १६२.५
- ७वा फ्रेट: २०२.७ आणि २१५.४
- १२वा फ्रेट: ३०४.८ आणि ३२३.९
- २४वा फ्रेट: ४५७.२ आणि ४८५.८

आखताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजायचं. एका फ्रेटवरून दुसरा मोजत गेलं की प्रत्येक वेळची बारीक चूक साठत जाते आणि बाराव्या फ्रेटपर्यंत स्वर बेसूर होतो.

इथे सुताराशी बोलताना एक अडचण येते. आपल्याकडे मिस्त्री इंच आणि सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. दाराच्या चौकटीला ते पुरतं. फ्रेटला अर्धा मिलिमीटरही जास्त होतो. शिवाय फ्रेटची खाच साधारण ०.६ मिलिमीटर रुंद लागते आणि नेहमीच्या करवतीची खाच त्याहून रुंद पडते. मग फ्रेट सैल बसतो आणि तार झणझणते. म्हणून पहिल्या गिटारला नेक तयार घेतलेली बरी.

२४ इंची स्केलची तयार नेक सहज मिळत नाही, बाजारात २५.५ इंचीच जास्त असतात. ती घेतली तर आकारात फार फरक दिसत नाही, पण हाताला जाणवतो. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर २४ इंचीवर ताण सुमारे ११ टक्के कमी असतो, म्हणून रेड स्पेशलवर तार ओढून स्वर वाकवणं सोपं जातं. लांब स्केलवर याची थोडी भरपाई ९ नंबरच्या हलक्या तारांनी होते.

आकार कागदावर कसा आणायचा

गिटारचा समोरून सरळ काढलेला, तिरका नसलेला फोटो घ्या. फोटोत नटपासून बाराव्या फ्रेटचं अंतर मूळ गिटारवर १२ इंच आहे, हे माहीत आहे. तेवढं अंतर १२ इंच येईल अशा प्रमाणात फोटो मोठा केला की बाकीची सगळी मापं आपोआप खरी येतात.

एवढा मोठा प्रिंट काढायला लांब जावं लागत नाही. वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्या फ्लेक्सच्या दुकानात खऱ्या मापाचा प्रिंट निघतो. तो पातळ प्लायवर किंवा एमडीएफवर चिकटवून कापला की साचा तयार. ब्रायन मे आणि सायमन ब्रॅडली यांनी २०१४ साली रेड स्पेशलवर एक आख्खं पुस्तक काढलं आहे. गिटारच्या आतली रचना समजून घ्यायला ते उपयोगी पडतं.

साच्यावर सगळ्यात आधी मधली रेघ मारायची. नेक, पिकअप, ब्रिज हे तिन्ही त्या रेघेवर आले पाहिजेत. नेक दोन मिलिमीटर तिरकी गेली तरी एका बाजूची तार फिंगरबोर्डवरून खाली घसरते.

लाकूड: खानदेशात काय मिळतं

शेकोटीवरची फळी खानदेशात नाही, पण तिचं काम करणारं लाकूड भरपूर आहे. जुनी धाब्याची घरं आणि वाडे उतरवले जातात तेव्हा सागवानी खांब, तुळया आणि दारं निघतात. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं हे लाकूड पुरतं वाळलेलं असतं. नवं लाकूड वर्षभर तरी वाळवावं लागतं, नाहीतर गिटार बनल्यावर वाकतं. जुन्या लाकडातले खिळे मात्र आधी चुंबकानं शोधून काढायचे. राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं मोडतो आणि मशीनवर तो हातावरही येऊ शकतो.

सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे जोड लावण्याआधी तो भाग थिनर किंवा ॲसिटोननं पुसून घेतात. तसं न केल्यास फेविकॉल नीट पकडत नाही. तून हे लाकूड तर महोगनीच्याच कुळातलं आहे. ते हलकं आणि कोरायला मऊ असतं. शिसवी टणक, फिंगरबोर्डला उत्तम. नवं सागवान घेताना बिलासह दुकानातूनच घ्यायचं. जंगलातून विनापरवाना आलेलं लाकूड स्वस्त वाटतं, पण ते गुन्ह्यात अडकवतं.

यापैकी काहीच नसेल तरी अडत नाही. रेड स्पेशलच्या बॉडीत ब्लॉकबोर्ड आहे आणि ब्लॉकबोर्ड प्रत्येक प्लायवूडच्या दुकानात मिळतो. १९ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून वर व्हिनियर दिला तर जाडी ४० मिलिमीटरच्या आसपास येते. सर्वसाधारण इलेक्ट्रिक गिटारची बॉडी ४५ मिलिमीटरच्या आसपास असते. मूळ गिटारप्रमाणे खालच्या थरात पोकळ्या ठेवल्या तर वजन कमी होतं. दोन्ही थर चिकटवण्याआधीच वायरीच्या वाटा कोरून ठेवायच्या, नंतर ड्रिलनं त्या सरळ जात नाहीत.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारेच्या थरथरण्यातून आणि पिकअपमधून येतो. त्यात लाकडाच्या जातीचा वाटा अकूस्टिक गिटारच्या मानानं बराच कमी असतो. म्हणून परदेशी लाकडावर पैसे घालण्याआधी ते नेक आणि पिकअपवर घातलेले बरे.

नेक: सगळा ताण हिच्यावर

सहा तारा सुरात लावल्या की नेकवर साधारण ४० किलोचा ओढ येतो. सिमेंटची जवळजवळ एक गोणी नेकच्या टोकाला सतत लटकावल्यासारखं. म्हणून नेकच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. टोकाच्या नटानं ती कसून किंवा सैल करून नेकचा बाक सुधारता येतो. ट्रस रॉड नसलेली स्वस्त नेक घेऊ नये.

नेक बॉडीत जिथे बसते तो खड्डा घट्ट हवा. स्ट्रॅटच्या धर्तीच्या नेकला तो सुमारे ५६ मिलिमीटर रुंद लागतो. चांगला खड्डा ओळखायची खूण म्हणजे स्क्रू न लावता नेक बसवून गिटार उचलली तर ती गळून पडू नये. हा खड्डा हातानं पटाशीनं करता येतो, पण राऊटरनं सरळ तळ येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी दारांवर आणि देव्हाऱ्यांवर नक्षी कोरणारी सीएनसी मशीनं असतात. साचा डिजिटल असेल तर बॉडी त्यांच्याकडेही कापून मिळते.

पिकअप: मोटर वाइंडिंगच्या भाषेत

खानदेशात विहिरीवरची मोटर जळाली की वाइंडिंगवाल्याकडे नेतात, त्यामुळे पिकअप समजावणं इथे सोपं आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, हा झाला पिकअप. वरून जाणारी पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. तत्त्व जनरेटरचंच, वीज मात्र अगदी थोडी.

फरक तारेच्या जाडीत आहे. साध्या सिंगल कॉइल पिकअपला सुमारे ०.०६ मिलिमीटरची, केसासारखी इनॅमल तार लागते आणि वेढे सात-आठ हजार. मोटरची तार याहून कितीतरी जाड असते, त्यामुळे गावातल्या वाइंडिंगच्या दुकानात ही तार मिळेलच असं नाही. हाताच्या झटक्यानं ती तुटते.

ब्रायन मेनंही पहिले पिकअप घरीच गुंडाळले होते. ते वाजले चांगले, पण तार आडवी ओढली की विचित्र आवाज यायचा, कारण त्याच्या चुंबकांची ध्रुवरचना तशी होती. शेवटी त्यानं बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत घेतले आणि त्यांच्या आतली कंपनं थांबवायला अराल्डाइट भरलं.  जे घरी नीट जमलं नाही, ते बाहेरून घेतलं.

प्रतिकृतीसाठी कुठलेही तीन साधे सिंगल कॉइल पिकअप चालतात. रेड स्पेशलचा वेगळेपणा पिकअपइतकाच वायरिंगमध्ये आहे. बहुतेक गिटारमध्ये पिकअप एकमेकांना समांतर जोडलेले असतात. इथे ते एकामागे एक, टॉर्चमधल्या सेलसारखे सिरीजमध्ये आहेत. दोन पिकअप चालू केले की आवाज मोठा आणि जाड होतो. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन स्विच आहेत, एक चालू-बंद आणि दुसरा फेज उलटा करणारा. फेज उलटला की दोन पिकअपचे खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि नाकातून आल्यासारखा, धारदार आवाज उरतो.

हे सहा स्विच महाग नसतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे सहा पायांचे स्लाइड स्विच, २५० किलो-ओहमची दोन पॉट (एक आवाजासाठी, एक टोनसाठी), ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि ६.३५ मिलिमीटरचा जॅक, एवढ्यात वायरिंग पूर्ण होते. एक काळजी घ्यायची: पिकअपचं धातूचं झाकण कॉइलच्या वायरला जोडलेलं असेल तर ती जोडणी सोडवून झाकणाला स्वतंत्र अर्थ द्यायचा. नाहीतर फेज उलटल्यावर झाकण सिग्नलला जोडलं जातं आणि हात लागला की घरघर येते.

सोल्डरिंग येत नसेल तर गावातला बँजोवाला किंवा साउंड सिस्टीम दुरुस्त करणारा माणूस गाठावा. आपल्याकडच्या वरातीत वाजणारा बँजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्यालाही पिकअप, पॉट आणि जॅक लावलेले असतात. रात्रभर वाजलेल्या बँजोची तुटलेली वायर सकाळी जोडणाऱ्या माणसाला गिटारची वायरिंग परकी नाही.

घरघर आणि शॉक

सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतो. वायरिंगच्या खड्ड्याला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की घरघर बरीच कमी होते. तांब्याची पट्टी नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चालते. फक्त तिला सोल्डर बसत नाही, म्हणून वायर स्क्रूखाली दाबायची.

पुढचा मुद्दा जिवाचा आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचे हात थेट ॲम्प्लिफायरच्या अर्थला लागलेले असतात. घरातली अर्थिंग खराब असेल, तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा केला असेल, तर गिटार धरून माईकला ओठ लागताच शॉक बसू शकतो. पहिल्यांदा ॲम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायची. लग्नाच्या मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीवर तर नक्कीच.

ब्रिज, रंग आणि शेवटचं सेटिंग

सुरीच्या धारेवर डोलणारा ट्रेमोलो हा रेड स्पेशलचा सर्वात अवघड भाग आहे. पहिल्या प्रतिकृतीत तो टाळून साधा पक्का ब्रिज लावावा. सूर टिकतो आणि महिनाभराचं काम वाचतं. ब्रिज बसवताना स्केलच्या बरोबर रेघेवर स्क्रू ठोकायचे नाहीत. तारेला दाबल्यावर ती किंचित ताणली जाते, म्हणून तिचा खरा टेकू स्केलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे लागतो, जाड तारांना थोडा जास्तच. सॅडल मागे-पुढे सरकवायला दोन्हीकडे जागा राहील असा ब्रिज ठेवायचा.

रंगासाठी सुताराचं पॉलिश किंवा गाड्या रंगवणाऱ्याकडचा क्लिअर कोट, दोन्ही चालतात. मूळ गिटारवर महोगनीचा लालसर रंग दिसतो. म्हणून लाल ऑइलपेंट न मारता महोगनी शेडचं स्टेन आणि वर पारदर्शक थर द्यायचा. प्रत्येक थरानंतर बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

सगळं जोडल्यावर चार गोष्टी याच क्रमानं तपासायच्या. पहिली नेकचा बाक: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबली तर मधल्या फ्रेटवर अगदी बारीक फट दिसली पाहिजे. दुसरी तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर. तिसरी नटची खाच: पहिला फ्रेट दाबायला जोर लागत असेल तर खाच उथळ आहे, ती बारीक कानशीनं थोडी खोल करायची. चौथी सूर: मोकळ्या तारेचा आणि बाराव्या फ्रेटचा स्वर मोबाईलवरच्या ट्यूनरवर बरोबर एक सप्तकाच्या अंतरानं आला पाहिजे. बाराव्याचा स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

खर्चाचा खरा हिशेब

नवशिक्यांसाठीची नवी इलेक्ट्रिक गिटार भारतात साधारण आठ-दहा हजार रुपयांपासून मिळते. तयार नेक, तीन पिकअप, ट्यूनर, ब्रिज, तारा, स्विच आणि लाकूड असं सगळं सुटं घेतलं, वर सुताराची मजुरी दिली, तर खर्च सहज त्याच घरात जातो, कधी जास्तही. म्हणजे ‘स्वतः बनवली म्हणून स्वस्त’ हे दरवेळी खरं नसतं.

स्वस्त पडायचं असेल तर रस्ता ब्रायन मेचाच आहे, आधी घरात आणि भंगारात काय आहे ते बघायचं. बंद पडलेली सेकंडहँड गिटार घेतली तर नेक, ट्यूनर, ब्रिज आणि बहुतेक पिकअप एकाच वेळी मिळतात. बॉडीला उतरलेल्या घराचं लाकूड किंवा फर्निचरच्या कामातून उरलेला ब्लॉकबोर्ड. मग नव्यानं घ्यायचं उरतं ते स्विच, वायर, तारा आणि पॉलिश. जुनी गिटार घेताना फक्त नेक तपासायची. ती पिळलेली असेल तर फुकट मिळाली तरी नको. बाकी सगळं बदलता येतं, पिळलेली नेक नाही.

ॲम्पसाठीही हाच धडा आहे. क्वीनचा बास गिटारवादक जॉन डीकननं कचऱ्यात सापडलेल्या सर्किटमधून एक छोटा ॲम्प बनवला. ‘डीकी ॲम्प’ नावानं तो प्रसिद्ध झाला आणि ब्रायन मेनं तो रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला.

खानदेशचा उन्हाळा

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी होते. पुढच्याच महिन्यात पावसाळी दमट हवा. लाकूड आडव्या बाजूनं आकसतं आणि फुगतं, फ्रेटची धातूची तार तशीच राहते. त्यामुळे उन्हाळ्यात फ्रेटची टोकं नेकच्या कडेबाहेर येऊन बोटाला टोचतात. हा बनावटीतला दोष नव्हे. ती टोकं बारीक कानशीनं घासून घ्यायची आणि ट्रस रॉड ऋतूनुसार पाव वळसा फिरवायचा. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नये. शक्य असेल तर लाकूड कापण्याआधी एक उन्हाळा घरातच पडू द्यावं.

प्रतिकृती आणि बनावट यातला फरक

आवडत्या कलाकाराची गिटार स्वतःसाठी बनवून वाजवणं वेगळं. तिच्यावर कंपनीचं नाव चिकटवून विकणं हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार बनावट ट्रेडमार्क लावून माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑनलाइन मिळणारे प्रसिद्ध कंपन्यांचे लोगो-स्टिकर गिटारच्या डोक्यावर लावायचा मोह म्हणूनच टाळायचा. पुढे गिटार विकली गेली तर घेणारा फसतो.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायरचं. १९९० च्या दशकात त्यानं ब्रायन मेच्या परवानगीनं मूळ रेड स्पेशलची मापं घेतली, तीन प्रतिकृती केल्या आणि पुढे मूळ गिटारची दुरुस्तीही त्याच्याच हातून झाली.

रेड स्पेशलच्या डोक्यावर मुळात कुठल्या कंपनीचं नाव असायचं कारणच नव्हतं, कारण ती बाप-लेकानं केली होती. पाचोऱ्यात बनलेल्या गिटारच्या डोक्यावरही बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष टाकावं. लाकूड कुणाच्या घराच्या तुळईचं होतं, तेही मागच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावं. पन्नास वर्षांनी ते झाकण उघडणाऱ्याला तेवढी माहिती पुरेल.